आधी सांगा, त्या दिवशी राबते कोण?

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की मातृदिनाविरुद्धची ठरलेली फिर्याद नव्याने दाखल होते. यंदा ती एका व्याख्यानात ऐकू आली. वक्त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण हे मत त्यांचे एकट्याचे नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मातृदिन ही अमेरिकेची उसनवारी आहे, शुभेच्छापत्रे आणि फुले विकणाऱ्यांनी काढलेले ते खूळ आहे, वर्षातून एकदा आई आठवणे ही तिकडची रीत, आपल्याकडे रोजच मातृदिन, आणि दिवस हवाच असेल तर आपली पिठोरी अमावास्या आहे की! सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा हिशेब मागितलाच पाहिजे.

व्यापाऱ्यांचे खूळ हा आरोप आधी घेऊ, कारण त्याला इतिहासाचा काडीचाही आधार नाही. शुभेच्छापत्रांसाठी जगभर ओळखली जाणारी हॉलमार्क कंपनी १९१० साली सुरू झाली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मातृदिन झाला तो त्याआधी दोन वर्षे, १० मे १९०८ रोजी. ॲना जार्विस या अविवाहित बाईंनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ तो घडवून आणला आणि चर्चला पांढऱ्या कार्नेशनची पाचशे फुले पाठवली. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्याला सरकारी मान्यता दिली. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि कार्डवाले या दिवसावर तुटून पडले, हे खरे. पण त्यांच्याशी सर्वांत कडवी झुंज कुणी दिली? त्याच ॲना जार्विस यांनी. १९२५ साली फिलाडेल्फियात एका संस्थेच्या अधिवेशनात कार्नेशनची विक्री चालली होती. ती बंद पाडायला त्या गेल्या आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. व्यापाराविरुद्धच्या या लढ्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले आणि १९४८ साली एका आरोग्यधामात त्यांचा मृत्यू झाला. बाजाराची चीड वक्त्यांना आहे, ती योग्यच आहे. मात्र ज्या बाईने त्या चिडीपायी अटक सोसली, तिलाच बाजाराची दलाल ठरवणे हा अन्याय आहे.

‘आपल्याकडे रोजच मातृदिन’ या वाक्याला देशाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळवापर सर्वेक्षणाने उत्तर देऊन ठेवले आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटे जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय दर चार पुरुषांपैकी जवळजवळ तिघे घरकामाला हातच लावत नाहीत. रोज साजरा होणारा सन्मान तो हाच असेल, तर त्यातून आईला एक दिवस तरी सुट्टी मिळायला हवी.

आता पिठोरी. वक्त्यांचा हा हुकमी पत्ता, म्हणून त्याकडे सावकाश पाहायला हवे.

श्रावण अमावास्येला आई दिवसभर उपास करते. संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा मांडते, पिठाचे दिवे करते, खीरपुरीचा नैवेद्य रांधते. मग वाण डोक्यावर धरून, मागे न पाहता विचारते, ‘अतिथी कोण?’ मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगते आणि वाण घेते. हा विधी सुंदर आहे. पण त्यात उपाशी कोण राहते? रांधते कोण? मागणे कुणासाठी मागितले जाते? आई उपाशी, आई रांधणारी आणि मागणे लेकराच्या आयुष्याचे. आईने मुलांसाठी केलेले हे व्रत आहे. मुलांनी आईसाठी त्यात काय करायचे, याचा कुठे उल्लेखही नाही. श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची पूजा पाहा: तिथेही औक्षण मुलांचे आणि हात आईचा. बिहारकडच्या जीवितपुत्रिका व्रतात तर आई पाण्याचा थेंबही घेत नाही.

त्याच अमावास्येला महाराष्ट्रातल्या पुष्कळ भागांत पोळा असतो. बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, त्याची खांदेमळणी होते, शिंगे रंगवतात, अंगावर झूल घालतात आणि पुरणपोळी भरवतात. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस राबवायचे नाही, हे आपल्या शेतकऱ्याला शेकडो वर्षांपासून कळते. पण ती पुरणपोळी घरात लाटत कोण असते? त्या दिवशी उपास धरलेली आई. एकाच तिथीला एकाच घरात बैलाला सुट्टी आहे आणि आईला नाही. याला आपला मातृदिन म्हणून मिरवण्याआधी वक्त्यांनी दोन मिनिटे तरी विचार करायला हवा होता.

पिठोरीची कहाणीही त्यांनी पुन्हा एकदा वाचावी. घरात श्रावणी अवसेला श्राद्ध असते आणि सून नेमकी त्याच दिवशी बाळंत होते, मूल दगावते. वर्षामागून वर्षे हेच घडते. अखेर सासरा संतापतो, मेलेले मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात घालवून देतो. रानात योगिनींच्या कृपेने तिची सगळी मुले जिवंत होतात आणि ती घरी परतते. जिथे दर घरात एखादे तरी मूल पाळण्यातच जात असे आणि दोष आईच्या माथी येत असे, त्या समाजाची ही कहाणी आहे. ती सांगणाऱ्या बायकांना आपले दुःख नेमके ठाऊक होते. त्यांच्या हाती औषध नव्हते, म्हणून त्यांनी व्रत धरले.

आणि ज्याला परका म्हणून हाकलायचे, त्या दिवसाचे मूळ कुठे आहे? थेट याच दुःखात. ॲना जार्विस यांच्या आईला, ॲन रीव्हज जार्विस यांना, अकरा ते तेरा मुले झाली असे मानतात. त्यांतली चारच मोठी झाली. गोवर, विषमज्वर, घटसर्प यांनी ग्राफ्टनभोवतीच्या डोंगराळ मुलखात घरेच्या घरे रिकामी होत. या बाईने १८५८ पासून आसपासच्या गावांत मातांची मंडळे उभी केली. ही मंडळे औषधांसाठी पैसे जमवत, दूध तपासत, स्वच्छतेचे धडे देत आणि क्षयाने अंथरूण धरलेल्या आईच्या घरी कामाला बाई ठेवत. यादवी युद्धात त्यांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. मुलीला दिवस सुचला तो आईच्या या कामावरून.

ॲना जार्विस यांनी ज्या फिलाडेल्फियातून ही चळवळ चालवली, त्याच शहरातून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला आणि तिथून त्यांची वैद्यकीची वाट सुरू झाली. तेव्हाही परदेशगमन हा धर्मबुडवेपणा असल्याचे सांगणारे वक्ते गावोगाव होते. आज त्यांच्या भाषणांची कुणाला आठवण नाही.

परकेपणाचा मुद्दा मुळात नवा नाही. वाढदिवसाला मेणबत्ती फुंकावी की औक्षण करावे, यावर काही वर्षांपूर्वी असाच धुरळा उडाला होता; आता घराघरांत दोन्ही होते आणि मुले खूश असतात. पिठोरीच्या उपासाला जी साबुदाण्याची खिचडी चालते, तिच्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला आहे. तिच्यातले बटाटा, मिरची आणि शेंगदाणेही अमेरिका खंडांतलेच.

तारखेचा वाद तर एका ओळीत मिटतो: इंडोनेशियाने मातृदिन २२ डिसेंबरला ठेवला, कारण १९२८ साली त्यांची पहिली महिला परिषद त्या दिवशी भरली होती. नेपाळात वैशाखातल्या मातातीर्थ औंशीला लेक आणि लेकी मिठाई घेऊन आईकडे जातात. तिथे ताट मुलांच्या हातातून आईकडे जाते. पिठोरीला हा उलटा प्रवास सुरू करायचा असेल तर जरूर करावा. त्या दिवशी आईने बसावे आणि ‘अतिथी कोण?’ मुलांनी विचारावे. मग पिठोरी आणि मे महिन्याचा रविवार यांत भांडण उरणार नाही.

मग हा दिवस साजरा कसा करावा? आदल्या शनिवारी बसून कामे वाटून घ्यावीत: भाजी आणणे, कणीक मळणे, भांडी, ओटा, दुसऱ्या दिवशीचे डबे, सगळी. मुलांनी सकाळी सँडविच करायचे, त्याचे फोटो काढायचे आणि खरकटा ओटा आईसाठी ठेवायचा, हा सोहळा बंद व्हावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. त्यामुळे साडीच्या आधी आईचे हिमोग्लोबिन तपासून आणावे. ज्या शाळा या दिवशी आयांना रांगेत बसवून त्यांचे पाय धुतात, त्यांनी त्याच पटांगणात तपासणी शिबिर घ्यावे. ॲन जार्विस यांच्या मंडळांनी तेच केले असते.

कागदावर एक पाऊल पडलेही आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, त्याच्या नावापाठोपाठ आईचे नाव आणि मग वडिलांचे, असा क्रम महाराष्ट्र सरकारने सक्तीचा केला. ही मागणी कुठल्या पोथीत नव्हती.

आणखी एक आई या सगळ्या चर्चेतून नेहमी सुटते. आपल्या घरी पोळ्या लाटायला, धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईलाही घरी मुले असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती तुमच्याआमच्या आईच्या वाट्याचे काम उपसत असेल, तर आपल्या घरचा मातृदिन एका आईला बसवून दुसऱ्या आईला राबवूनच साजरा होणार. वाचकांनी या वर्षी एवढे करावे: त्या रविवारी या बाईंना पगारी सुट्टी द्यावी, ती आधीच सांगावी, आणि सोमवारी त्यांच्यासाठी सिंक भरून ठेवू नये.