फॅमिली म्हणजे कोण?

परवाची गोष्ट. पुण्यात नोकरीला असलेला एक जुना विद्यार्थी नेसरीला आला होता. प्रतापराव गुजरांचं स्मारक बघून घरी डोकावला. "सर, फॅमिली गाडीत आहे," म्हणाला. मी आत पाच कप चहा टाकायला सांगितला. गाडीतून उतरली एकच बाई! मी तिचं नाव विचारलं, तर तिच्याआधी तोच म्हणाला, "ही आमची फॅमिली."

मंडळी, फॅमिली म्हणजे आईबाप, मुलंबाळं, सगळं घर. बायकोला साहेब 'वाइफ' म्हणतो. 'फॅमिली' हे आपलं कर्तृत्व! या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'फॅमुलस' म्हणजे नोकर, गुलाम. त्यावरून 'फॅमिलिया', म्हणजे घरधन्याच्या ताब्यातली माणसं. आपण नकळत तोच जुना अर्थ उकरून काढला की काय?

पण इंग्रजीला कशाला दोष द्यायचा? आमच्या आजोबांच्या तोंडी 'आमचं कुटुंब' म्हणजे आजीच असायची. पुढे 'आमची मंडळी' आली. एकट्या बाईला अनेकवचन मिळालं, नाव मात्र नाही. शब्द बदलला, खोड तीच.

हॉटेलातल्या 'फॅमिली रूम'चंही तेच. बाप आणि मुलगा जेवायला गेले तर बाहेरच्या बाकड्यावर. सोबत बाई असली की झाली फॅमिली, चला पडद्याआड!

कुणी म्हणेल, "सर, हे आदरापोटी असतं. चारचौघांत बायकोचं नाव घेणं बरं दिसत नाही." का दिसत नाही? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांपुढची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते. मार्च २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. माझ्या मागे मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनच्या कागदावरही 'फॅमिली' एवढं लिहून भागत नाही, पूर्ण नाव लागतं. कागदाला चालतं ते तोंडाला का चालू नये?

पाहुणे गेल्यावर हे सगळं भाषण मी घरात ठोकलं. आमच्या सौ. कपबश्या उचलत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीत. शेकडो पोरींची नावं घेतलीत. माझं शेवटचं कधी घेतलंत?"

आठवून बघितलं. लग्नातला उखाणा! त्यानंतर 'अगं ऐकलंस का' आणि 'आमची मंडळी'.

असो. कालपासून सुरुवात केली आहे. सोप्यातून नावाने हाक मारली, तर शेजारी दारात येऊन बघू लागले. नाव इथेही लिहिणार होतो, पण त्या म्हणाल्या, "आधी घरात घ्यायची सवय करा, मग जगाला सांगा."

तुम्ही शेवटची हाक कधी मारलीत?