रूपकुंड : एका लहानशा तळ्याचा भूगोल

उत्तरेकडील सरोवर म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें मानससरोवर उभें राहतें. आज ज्याची ओळख करून द्यावयाची, तें तळें इतकें लहान आहे कीं सामान्य नकाशावर तें आढळणारही नाहीं. त्याचा व्यास सुमारें ४० मीटर. मांजरीच्या शिवारांतील एखाद्या शेततळ्याएवढाच म्हणा ना! परंतु त्याचें स्थान पाहा. गढवालांतील चमोली जिल्ह्यांत, त्रिशूळ पर्वताच्या कुशींत, सुमारें ५,००० मीटर उंचीवर हें रूपकुंड आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटरांचें; तशीं तीन शिखरें एकावर एक रचलीं, तरी तेथवर पोहोचावयास थोडें अंतर उरेल.

पूर्वीं बर्फाच्या प्रवाहानें डोंगराचा खडक कोरून येथें एक खोलगट वाटी तयार केली. तिच्या तीन बाजूंस उभे कडे आहेत व वितळलेलें बर्फ तींत सांचतें. वर्षाचा बहुतेक काळ हें पाणी गोठलेलें असतें. पावसाळा सरतां सरतां कांहीं आठवडे तळ दिसतो. या तळाशीं व कांठावर शेंकडों माणसांचीं हाडें पडलीं आहेत. १९४२ सालीं मधवाल नांवाच्या वनाधिकाऱ्यांनीं हें वर्तमान जगास कळविलें.

हीं माणसें कोण? नंदादेवीच्या यात्रेस निघालेल्या कनोजच्या राजावर देवीचा कोप होऊन गारा कोसळल्या, असें तेथील लोकगीतें सांगतात. २००४ सालच्या मोहिमेनंतर, कवट्यांवरील जखमा मोठ्या गारांच्या माराच्या असाव्यात, असें अनुमान निघालें. त्याच सुमारास, कांहीं अवशेषांचें आनुवंशिक साम्य कोंकणस्थ ब्राह्मणांशीं दिसतें, असेंही छापून आलें. मग काय विचारतां! त्या अभागी यात्रेकरूंस आपल्या कुळांत ओढून घेण्याचा मोह पुष्कळांस झाला असल्यास नवल नाहीं.

परंतु भूगोलानें येथें सावध करावयास हवें होतें. उत्खननांत मातीचे थर काळाचा क्रम सांगतात. या उतारावर दरडी कोसळतात, बर्फ घसरतें, आणि वरचें सर्व कांहीं त्या एकाच वाटींत येऊन मिसळतें. त्यांत पाहुण्यांनीं हाडें हलविलीं, कित्येकांनीं तीं उचलूनही नेलीं. एकत्र पडलेलीं माणसें एकत्रच मेलीं, असें अशा ठिकाणीं म्हणतां येत नाहीं.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हेंच सिद्ध केलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील विदुषीही त्यांत सहभागी होत्या. थंडीमुळें हाडांतील आनुवंशिक द्रव्य टिकून राहिलें होतें. त्यावरून ३८ व्यक्तींची तपासणी झाली. त्यांपैकीं २३ जण भारतीय वंशाचे, सुमारें सातव्या ते दहाव्या शतकांतले. तेही एकाच समाजाचे नव्हत, व सर्व एकाच प्रसंगीं मेलेले नव्हत. १४ जणांचें नातें भूमध्यसागराच्या पूर्व भागांतील, विशेषतः क्रीट बेटावरील लोकांशीं जुळलें, आणि त्यांचा काळ अवघा दोनशें वर्षांमागचा, म्हणजे १८०० च्या सुमाराचा निघाला! एक जण आग्नेय आशियाकडील वंशाचा होता. कोंकणस्थांची कथा त्याबरोबर मावळली. कांहीं जण यात्रेंत वादळानें गांठले गेले असावेत, हा तर्क मात्र आजही संभवनीय मानला जातो. भूमध्यसागराकडील मंडळी तेथें कशास गेलीं, हें कोडें सुटलेलें नाहीं.

मग या मृतांचें आपण कोण? दूरच्या यात्रेस गेलेलें माणूस परत न येणें जुन्या घराण्यांस अपरिचित नव्हतें. भाद्रपदांत, ज्या सुमारास रूपकुंडाचें बर्फ वितळून हाडें उघडीं पडतात, त्याच सुमारास घरोघर पितृपक्ष असतो. तर्पणांत आपण आपल्या पितरांबरोबर ज्यांस कोणी बांधव उरला नाहीं त्यांसही पाणी देतों. तें देतांना त्यांचें गोत्र कोणी विचारीत नाहीं. त्या हिमकुंडांतील परक्या पांथस्थांस आपलें म्हणावयास यापेक्षां निराळ्या पुराव्याची आवश्यकता ती काय?