सुलह एका संध्याकाळची नसते

सहामाही परीक्षा चालू होती. शाळा सुटल्यावर एक बाई भेटायला आल्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. हुशार पोरगी, पण दोन महिन्यांपासून वहीत काही लिहायची नाही, खिडकीबाहेर बघत बसायची. म्हणून मीच निरोप पाठवला होता. मुलीबद्दल दोन वाक्यं झाली आणि बाई गप्प झाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, माफ तो कर दिया. सब के सामने कर दिया. पर नींद नै आती."

त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलते आहे. नवरा माल घेऊन बाहेरगावी जाणारा. दोन वर्षं त्याचे दुसऱ्या शहरातल्या एका बाईशी संबंध होते. एक दिवस फोनमुळे सगळं उघड झालं. इशाच्या नमाजनंतर दिराच्या घरी बैठक बसली. चार वडीलधारी माणसं, सगळी नवऱ्याच्या बाजूची. ही आतल्या खोलीत, दारामागे. नवऱ्याने मान खाली घालून "गलती हो गई" म्हटलं, कसम खाल्ली. तिला विचारलं गेलं, "बेटा, माफ किया ना? बच्चों की तरफ देखो." ती "जी" म्हणाली. चहा आला. दीड तासात सुलह झाली आणि सगळे घरी गेले.

तेव्हापासून तिला झोप नाही. नवऱ्याला यायला उशीर झाला की छातीत धडधडतं. काही विचारलं की तो म्हणतो, "कितने दिन वोही वोही?" सासू म्हणते, शक करना गुनाह है. म्हणजे दगा त्याने दिला आणि गुन्हेगार ही ठरली, कारण हिला विसरता येत नाही.

या विषयावर आपल्यात सहसा लिहिलं जात नाही. घरातली गोष्ट घरात राहावी असं सगळ्यांना वाटतं, आणि ते चूकही नाही. कुणाचं ऐब चव्हाट्यावर आणू नये, ही आपली शिकवण आहे. पण झाकणं वेगळं आणि मिटवणं वेगळं. आपण झाकतो आणि मिटलं असं समजतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की माफी आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी देणाऱ्याच्या हातात असते, मनात आलं तर ती एका क्षणात देता येते. विश्वास देणाऱ्याच्याही हातात नसतो. तिने ठरवलं तरी तो येत नाही. ज्याने तो मोडला त्याच्या वागण्यातूनच तो परत येतो, आणि त्याला वेळ लागतो. आपल्या बैठका मात्र माफी वसूल करतात आणि विश्वासही त्याच रात्री परत मागतात.

दीनच्या बाजूने बघितलं तरी हिशेब असाच आहे. तौबा कबूल होण्याच्या अटी आपण मदरशात लहानपणी शिकतो. गुनाह सोडणं, मनापासून पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. पण गुनाह माणसाच्या हक्काचा असेल तर उलमांनी चौथी अट सांगितली आहे: ज्याचा हक्क मारला त्याचा हक्क परत करणं, त्याला राजी करणं. हे हुकूकुल इबाद आहे. कुणाचे पैसे बुडवले आणि रात्रभर नफिल पढली, तर देणं फिटत नाही हे आपल्याला लगेच पटतं. बायकोचा विश्वास बुडवणारा उमरा करून आला की मात्र आपण म्हणतो, "अब तो सुधर गया, अब क्या बाकी है?" बाकी आहे ते तिचं देणं. कुराण शरीफात निकाहला पक्का करार म्हटलं आहे. करार मोडला तर भरपाई मोडणाऱ्याकडे असते, हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल.

आणि शक? उगाच कुणाबद्दल वाईट गुमान करू नये हे खरंच. पण एकदा हात भाजलेला माणूस तव्याकडे जपून हात नेतो, त्याला कोणी वहमी म्हणत नाही. विश्वासघात झालेल्या बाईचे प्रश्न हे गुमान नाही, ती जखमेची कळ आहे.

नात्यातला तुटलेला विश्वास परत कसा येतो, याचं एक खरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मराठी शिकवत असल्यामुळे ते मला पुन्हा पुन्हा आठवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि राहुरी ही त्यांच्या संसाराची गावं.

तिथे दुसरी बाई नव्हती. दगा वेगळा होता. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कोण कोणत्या धर्मात गेलं हा माझा विषय नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. माझा विषय लक्ष्मीबाईंचा आहे. दोघांचं आयुष्य बदलणारा निर्णय एकाने घेतला आणि दुसरीला तो झाल्यावर कळला. पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. त्या काळातल्या ब्राह्मण घरातली बाई. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाता येत नाही. सधवा म्हणावं तर संसार नाही, विधवा म्हणावं तर कुंकू आहे. बराच काळ त्या पंढरपुरात नातलगांच्या आधाराने राहिल्या.

त्या वेळी टिळकांसमोर एक सोपी वाट होती. इंग्रज सरकारचा १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसासोबत राहायला त्याच्या जोडीदाराने त्या कारणावरून नकार दिला, तर कोर्टाकडून ते लग्न मोडून घेऊन दुसरं लग्न करायची मुभा त्यात होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले. पत्रं लिहीत राहिले. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं.

पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, त्या स्वतःच्या अटींवर. आपला धर्म, आपलं सोवळं, आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळं ठेवून. विचार करा, नवरा मिशनमध्ये शिकवणारा, ख्रिस्ती समाजात मान असलेला, आणि त्याची बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही! लोक काय म्हणत असतील? टिळकांनी ते चालवून घेतलं. जातपात खोटी आहे हे पुढे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने पटलं, आणि १९०० साली त्यांनीही नवऱ्याचा धर्म घेतला. तुम्हा-आम्हाला तो निर्णय आवडो न आवडो, माझं लक्ष त्याच्या आधीच्या वर्षांकडे आहे. त्या वर्षांत ज्याने विश्वास मोडला तो थांबला होता, आणि जिचा मोडला ती आपल्या चालीने येत होती.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाई काही विसरल्या नाहीत. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलं, म्हणजे त्या फेब्रुवारीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. टिळक १९१९ साली गेले होते. त्या पुस्तकात नवऱ्याचा राग, विसराळूपणा, त्याने दिलेले धक्के, सगळं आहे. आणि ते वाचताना आपण हसतो, कारण लिहिणारीच हसत असते. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. "विसरून जा" म्हणणाऱ्यांना मी हे पुस्तक दाखवते. झालेलं सगळं आठवत असतानाही संसार प्रेमाने होऊ शकतो. मात्र आठवण काढायची मुभा पाहिजे.

आता आपल्या घरांकडे येऊ. मला अनेक बायकांशी आणि दोन-तीन पुरुषांशी बोलून जे समजलं ते सांगते.

ज्याने दगा दिला त्याने एकदाच, पूर्ण सांगावं. आज थोडं, पकडलं गेल्यावर आणखी थोडं, असं झालं की प्रत्येक वेळी नवा दगा होतो. ते संबंध, तो नंबर, ती वाट पूर्ण बंद करावी. कुठे जातो, कधी येतो, पैसा कुठे जातो, हे बायकोने विचारण्याआधी स्वतःहून सांगावं. आणि तिने तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला तरी विसाव्यांदा उत्तर द्यावं. "कितने दिन?" हा प्रश्न विचारायचा हक्क त्याचा नाही.

लाजेमुळे कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट लिहितेच. बाहेर संबंध आले असतील तर दोघांनी रक्ततपासणी करून घ्यावी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. बायकोचा जीव ही पण अमानतच आहे.

जिचा विश्वास मोडला तिनेही दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलांना साक्षीदार करू नये, निरोप्याही करू नये. माझ्या वर्गातली ती पोरगी रात्री बापाचा फोन बघून आईला सांगायची, हे मला नंतर कळलं. आणि राहायचं ठरवलं असेल तर सूड म्हणून राहू नये. राहायचं नसेल तर तेही चालतं. चांगल्या रीतीने ठेवा किंवा चांगल्या रीतीने वेगळे व्हा, या दोन्ही वाटा आपल्याकडे आहेत. खुलाचा हक्क शोभेला दिलेला नाही.

बाईकडून अशी चूक झाली तर? नियम हाच. कुराणाने पाकदामनीचा हुकूम दोघांना सारखाच दिला आहे. पण खरं सांगू का, तिच्यासाठी चहाची बैठक बसत नाही. तिला त्याच रात्री माहेरी सोडतात. पुरुषाची ती "गलती" आणि बाईची ती "बदनामी", हा फरक आपण दीनमधून आणलेला नाही, आपल्या सोयीसाठी बनवला आहे.

बैठका घेणाऱ्या बुजुर्गांबद्दल माझ्या मनात आदर आहे. झोप मोडून, पदरचा वेळ घालून ते येतात. पण सूरह निसामध्ये जी पद्धत सांगितली आहे तिच्यात दोन हकम आहेत, एक त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. चार त्याचे आणि शून्य तिचे, अशी पद्धत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने २००२ साली लातूरच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात हेच ध्यानात घेतलं होतं. तलाक दिला असं नुसतं म्हणून भागत नाही, योग्य कारण आणि त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाल्याचं सिद्ध करावं लागतं, असं त्या निकालात आहे. म्हणजे मध्यस्थी ही गंभीर जबाबदारी आहे. ती फक्त तलाकच्या आधी आठवायची गोष्ट नाही, संसार पुन्हा उभा करतानाही तितकीच लागते.

आणि जिथे मारहाण आहे, धमकी आहे, तिथे सुलहची घाई करूच नका. आधी तिची सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, पोलिसांचे भरोसा सेल अनेक जिल्ह्यांत आहेत, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो.

त्या बाईंना मी फार काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं, की तुम्ही माफ केलं ते खरं, आणि झोप येत नाही तेही खरं, दोन्ही एकत्र असू शकतं. मग विचारलं, तुमच्या बाजूने बोलणारं कोणी त्या बैठकीत होतं का? त्यांचे मामू शेजारच्याच तालुक्यात होते, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांनी नंतर मामूंना सांगितलं. मामू आले, जावयाशी एकट्याने बोलले, आणि दर महिन्याला येऊन बसायचं ठरवून गेले.

जानेवारीत पालकसभेला दोघं आले. तो मागच्या बाकावर बसला. निघताना बाई हळूच म्हणाल्या, "अब पूछती हूँ तो जवाब देता है." झोप येते का, ते मी विचारलं नाही. मुलीच्या वहीत मात्र निम्मी पानं भरलेली होती.

बैठका घेणाऱ्या भावांना, चाचांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी सुलहसाठी बसाल तेव्हा तिच्या घरचा एक माणूस बोलवा, आणि चहा पिऊन उठण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख ठरवा.