परदेशी शिक्षणाच्या नियोजनासाठी महाविद्यालयातच शैक्षणिक सल्लागार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अकृषी विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांत परदेशी शिक्षणासाठी प्रशिक्षित शैक्षणिक सल्लागार नेमण्याबाबत.

महोदय,

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशाची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच सुरू व्हावी लागते. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि त्यासाठी अर्जाची मुदत अनेक विद्यापीठांत १५ जुलैला संपते. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचे बरेचसे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीतच जातात. शेवटच्या वर्षाचा निकाल हाती आल्यावर चौकशीला लागणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष त्यामुळे सहज वाया जाते. हे वेळापत्रक वेळेवर समजावून सांगणारी जबाबदार व्यक्ती त्याच्याच महाविद्यालयात असावी, ही या निवेदनाची मूळ मागणी आहे.

सद्यस्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालयाची तरतूद आहे. इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी तशी तरतूद त्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार देशी-परदेशी संस्थांशी संबंध जोडण्यासाठी विद्यापीठात एक स्वतंत्र मंडळ असते. पण त्याचा आवाका संस्थांमधील करारांचा आहे. नॅकच्या मूल्यांकनात विचारली जाणारी मेंटॉर-मेंटी पद्धत महाविद्यालयांना परिचित आहे. मात्र परदेशी प्रवेशाबद्दलचे प्रशिक्षण मेंटॉरला कोणी दिलेले नसते.

ही पोकळी खासगी एजंट भरून काढतात. अनेक एजंटांना दर प्रवेशामागे परदेशी संस्थेकडून कमिशन मिळते, त्यामुळे विद्यार्थ्याचे हित आणि एजंटाचे उत्पन्न यांची दिशा एकच असेल याची खात्री नसते. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघड झाले, तेव्हा तिथे शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवरही देश सोडण्याची वेळ आली होती. प्रवेशपत्र मूळ संस्थेकडून पडताळून घेण्याचा सल्ला वेळीच मिळाला, तर असे संकट टळू शकते.

सल्लागाराचे काम

पहिले काम विषयांच्या निवडीचे. अर्थशास्त्राच्या पदवीधराला जर्मनीत पदव्युत्तर प्रवेश हवा असेल, तर गणित व संख्याशास्त्राची ठरावीक क्रेडिट्स बऱ्याच ठिकाणी मागितली जातात. मायनर विषय निवडताना ही अट माहीत नसेल, तर पुढे ती पूर्ण करणे अवघड जाते. तीन वर्षांनी बाहेर पडावे की चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यावी, हा निर्णयही देशानुसार बदलतो : ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पदवीवर पदव्युत्तर प्रवेश मिळू शकतो, अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात.

दुसरे काम कागदपत्रांचे. जर्मनीत भारतीय गुणांचे रूपांतर कमाल गुण आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण या दोहोंवरून होते. १० पैकी ८ सीजीपीए असलेल्या विद्यार्थ्याची श्रेणी किमान गुण ४ धरल्यास २.० येते. ट्रान्सक्रिप्टवर ही किमान मर्यादा छापलेली नसेल, तर अर्ज अडकतो. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिट्सचा मानतात. इथल्या क्रेडिटची तिथल्या क्रेडिटशी तुलना करायची तर प्रत्येक विषयाचे तास आणि सविस्तर अभ्यासक्रम लागतो. नावाची अडचण तर खास इथली आहे. गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव अशी मांडणी असते, पासपोर्टवर ती वेगळी असते. हा फरक दुसऱ्या वर्षी लक्षात आला तर दुरुस्तीला किंवा प्रतिज्ञापत्राला सवड मिळते. व्हिसाच्या वेळी ती नसते.

तिसरे काम शिफारसपत्रांचे. अमेरिकेतील बरीच विद्यापीठे तीन पत्रे मागतात आणि त्यासाठीची लिंक थेट प्राध्यापकाच्या ईमेलवर पाठवतात. संस्थेचा अधिकृत ईमेल पत्ता नसलेल्या प्राध्यापकाच्या पत्राबद्दल शंका घेतली जाऊ शकते. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक वर्षअखेर निघून गेले, की त्यांच्याकडून पत्र मिळवणे आणखी अवघड होते.

चौथे काम पैशांच्या नियोजनाचे. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना मिळते, तर केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा आहेत. दोन्हींसाठी परदेशी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. ती न पाहता अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो, पण शिष्यवृत्ती हुकते. जर्मनीत शिकवणी शुल्क बहुतांश सरकारी विद्यापीठांत नसले, तरी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच ठरावीक खात्यात ठेवावी लागते. २०२४ मध्ये ती वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. शुल्क नाही एवढेच ऐकून निघालेल्या कुटुंबाची ओढाताण इथेच सुरू होते.

शेवटचे काम परतीच्या वाटेचे. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये विनियम काढले आहेत. वैद्यक, कायदा अशा व्यवसायांना त्यांच्या नियामक संस्थांच्या अटी लागू होतात. या अटी परदेशी जाण्यापूर्वीच माहीत असायला हव्यात.

मागण्या

१. प्रत्येक महाविद्यालयात किमान एका पूर्णवेळ प्राध्यापकाची शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमणूक करून त्याच्या कार्यभारात या कामाचे तास धरावेत. लहान महाविद्यालयांसाठी तालुका पातळीवर सामाईक सल्लागार द्यावा.

२. सल्लागारांचे प्रशिक्षण विद्यापीठाने दरवर्षी घ्यावे. सल्लागाराने कोणत्याही एजंटाकडून वा संस्थेकडून मोबदला घेऊ नये, अशी लेखी अट असावी.

३. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला इच्छुक विद्यार्थ्यांची नोंद करून प्रत्येकाचा विषय, देश, परीक्षा आणि खर्च यांचा लेखी आराखडा तयार करावा.

४. ट्रान्सक्रिप्ट देण्याची मुदत ठरवून ती जाहीर करावी. त्यावर कमाल व किमान गुण, श्रेणीपद्धती आणि अध्यापनाचे माध्यम नमूद असावे. जुने अभ्यासक्रम प्रमाणित प्रतीसह ऑनलाइन मिळावेत.

५. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांसह सर्व अध्यापकांना अधिकृत ईमेल पत्ता द्यावा व नेमणूक संपल्यावरही तो ठरावीक काळ चालू ठेवावा.

६. शासकीय शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती, अटी व अंतिम तारखा मराठीत, एकाच ठिकाणी उपलब्ध कराव्यात.

७. परदेशात एखादे सत्र केलेल्या विद्यार्थ्याची क्रेडिट्स पदवीत धरण्याची मुभा शैक्षणिक धोरणात आहे. त्यासाठीची कार्यपद्धती विद्यापरिषदेने निश्चित करावी, म्हणजे परतल्यावर त्याला तेच विषय पुन्हा द्यावे लागणार नाहीत.

वरील मागण्यांपैकी चौथी, पाचवी व सहावी प्रशासकीय स्वरूपाची असल्याने त्यांची अंमलबजावणी तातडीने व्हावी आणि उर्वरित मागण्या येत्या शैक्षणिक वर्षापासून लागू करण्याबाबत योग्य ते आदेश निर्गमित व्हावेत, ही विनंती.

निवेदनकर्ते :
पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी, पालक व प्राध्यापक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. प्रधान सचिव, उच्च व तंत्रशिक्षण विभाग
२. मा. संचालक, उच्च शिक्षण संचालनालय, पुणे
३. मा. कुलगुरू, सर्व अकृषी विद्यापीठे