शोकेसमधला घोडा आणि दुकानातला पुतळा

दिवाळीच्या सुमारास पेढ्यांवरून मिठाईबरोबर भेटवस्तू येतात, ही कापड बाजाराची जुनी रीत आहे. पूर्वी स्टीलचे डबे, भिंतीवरचे घड्याळ असे काही कामाचे येत असे. आता चकचकीत पितळी प्राणी येतात. उधळलेला घोडा, हरणांची जोडी, सोंड वर केलेला हत्ती. देणारा प्रेमाने देतो, घेणाराही प्रेमाने घेतो आणि बैठकीच्या शोकेसमध्ये ठेवून देतो.

आमच्याकडेही असाच एक घोडा आला. मोठ्या पार्टीकडून आलेला, म्हणून मानाने वरच्या फळीवर बसला. घरात नमाजची वेळ झाली की त्याच्यावर रुमाल टाकायचा आणि नमाज संपली की काढायचा, असा क्रम सुरू झाला. एके दिवशी नातवाने विचारले, "दादा, घोड्याला का झाकता? तो आपल्याला बघतो का?" आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, पण याचे उत्तर मला सुचले नाही. जी वस्तू अल्लाहपुढे उभे राहताना झाकावी लागते, ती एरवी तरी घरात कशाला हवी?

बंधूंनो, हा विषय अवघड नाही. आपण तो अवघड करून ठेवला आहे. ज्या घरात चित्रे-पुतळे असतात तेथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. सपाट चित्र, फोटो यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. लहान मुलींच्या बाहुल्यांना अनेकांनी सूट दिली आहे, कारण खुद्द हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांत पंखांचा घोडा होता. परंतु शोभेसाठी ठेवलेल्या, सजीवाच्या पूर्ण आकाराच्या पुतळ्याबाबत देशावरचे हनफी आणि कोकणातले शाफई यांच्यात वाद नाही.

"आम्ही त्याची पूजा थोडीच करतो?" असे काही जण म्हणतात. काही जण इतिहास दाखवतात. ग्रॅनाडाच्या अल्-हम्रा महालात बारा दगडी सिंह कारंजे पाठीवर घेऊन उभे आहेत, फतेहपूर सिक्रीच्या हाथी पोळवर दगडी हत्ती आहेत. आहेत खरे. पण बादशहांचा शौक ही शरीअतची दलील होत नाही. बादशहांनी आणखीही पुष्कळ केले, ते आपण घरात करतो काय?

आपण कापडवाल्यांनी तर एक हदीस विशेष ध्यानात ठेवावी. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात चित्रे असलेला पडदा लावला होता. प्रेषितांना (स.) तो आवडला नाही. त्यांनी तो ओढून काढला. मग त्या कापडाच्या उशा करण्यात आल्या. येथे दोन गोष्टी दिसतात. चित्राचे मानाचे स्थान गेले आणि माल वायाही गेला नाही. मीही तेच केले. घोडा तांबट आळीत नेऊन मोडीत घातला, घट वजा जाता वरची रक्कम भरली आणि वजूसाठी पितळी बधना घेतला. भेट देणाऱ्याचा मान राहिला आणि पितळही कामी आले.

आता दुकानाकडे वळू. साडी, ड्रेस दाखवायला पुतळा लागतो, ही आपली खरी अडचण आहे. येथेही वाट आहे. मस्तक काढले की पुतळा झाडासारखा होतो, असा इशारा हजरत जिब्रील (अ.) यांच्या हदीसमध्ये आहे. आज बिनडोक्याचे पुतळे, नुसती धडे बाजारात सर्रास मिळतात. अनुभवाने सांगतो, गिऱ्हाईक पुतळ्याचे नाक-डोळे पाहत नाही, पदर आणि पोत पाहते. पैठणीवरच्या मोर-पोपटांचे काय, असे मला विचारतात. कापडावरील नक्षीला एका रिवायतमध्ये सवलत आहे, तिचा अर्थ लावण्यात मतभेद आहे. ज्याला शंका वाटते, त्याने असावलीची फुलवेल पुढे मांडावी. तीही पैठणीचीच जुनी नक्षी आहे आणि गिऱ्हाईक तीही आनंदाने नेते.

शेवटचा मुद्दा कारागिरांचा. मुरादाबादेत पितळेचे काम करणारे बहुसंख्य कारागीर आपलेच भाऊ आहेत आणि त्यांच्या हातून पुतळेही घडतात. त्यांना घरबसल्या नावे ठेवणे सोपे आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे असाच एक कारागीर आला होता. माझी रोजी याच हातकामावर आहे, असे तो म्हणाला. त्यांनी हदीस ऐकवली, तो घाबरला. तेव्हा त्यांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. झाडे घडव, निर्जीव वस्तू घडव, असा धंदा दाखवला. आपणही हेच करावे. नुसता मसला सांगून कारागिराचे पोट भरत नाही, ऑर्डर दिल्याने भरते. लग्नात, ईदला, पार्टीला भेट द्यायची तर बिदरी फुलदाणी द्या, पितळी अत्तरदाणी द्या, हिमरूची शाल द्या. ताजमहालाच्या संगमरवरात नुसती फुले, वेली आणि अक्षरे आहेत. तेवढ्यावर जग थक्क होते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. हा हिशेब आपल्या घराचा आणि आपल्या दुकानाचा आहे. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याबद्दल वावगा शब्द काढू नये, कुरआनने त्याची स्पष्ट मनाई केली आहे. दिवाळीची भेट हसत घ्यावी आणि ईदला आपणही तितकीच देखणी भेट पाठवावी.

आमच्या शोकेसच्या वरच्या फळीवर आता तो बधना असतो. नातू तो स्वतः भरून आणतो. अल्लाह आपल्या घरात आणि रोजीत बरकत देवो. आमीन.