चिमुकल्या मोटारींचा सौदा

बडोद्याहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीस असून, जुन्या छोट्या मोटारींचे शौकीन असलेल्या तेथील मंडळींत त्यांची ऊठबस असते. त्यांपैकीच एक वयोवृद्ध गृहस्थ आपली १९५९ सालची मेसरश्मिट त्यांना विकावयास राजी झाले आहेत. ‘घरासाठी साठविलेले पैसे तो या खेळण्यात घालणार,’ असे बाई लिहितात, ‘आणि कागद पाहिलेस का, असे विचारले तर म्हणतो, ज्यांनी मला हातात पाना धरावयास शिकविले त्यांच्यापाशी कागद कोणत्या तोंडाने मागू?’ मोटार पुढेमागे बडोद्यास आणण्याचा त्याचा विचार आहे, असेही एक वाक्य पत्राच्या तळाशी आहे. त्या वाक्याकडे आपण शेवटी येऊ.

या मोटारी ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सामान्य कुटुंबास मोटार परवडत नव्हती आणि पावसाथंडीत स्कूटर नकोशी होत होती. त्या दोहोंमधील जागा या गाड्यांनी भरून काढली. शीतकपाटे व स्कूटरी बनविणाऱ्या मिलानच्या इझो कारखान्याने १९५३ मध्ये इझेटा पुढे आणली. हिचे सारे तोंड हाच दरवाजा. तो उघडला की सुकाणूचे चक्रही त्याच्याबरोबर बाहेर येते. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने तिचा परवाना घेऊन १९५५ ते १९६२ या काळात दीड लाखाहून अधिक इझेटा बनविल्या. मेसरश्मिटची कथा निराळी. फ्रित्स फेंड यांनी आखलेली ही तीनचाकी रेगेन्सबुर्ग येथे १९५३ पासून तयार होऊ लागली. हिच्यात माणसे एकामागे एक बसतात, डोक्यावर पारदर्शक घुमट असतो आणि चक्राऐवजी हातात दांडी असते. १९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा या गाड्यांना भलताच भाव आला. पुढे लोकांच्या हाती पैसा आला, १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मिनी अवतरली, आणि चिमुकल्यांचे दिवस सरले. आपल्याकडेही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडविली होती, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ती कारखान्यातून बाजारात येण्याचा योग मात्र आला नाही.

आता बाजाराकडे वळू. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ब्रूस वीनर यांचे छोट्या मोटारींचे मोठे संग्रहालय होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचा लिलाव झाला. त्यात ‘टायगर’ या नावाने ओळखली जाणारी चारचाकी टी. जी. ५०० ही ३,२२,००० डॉलरांस गेली. आइल ऑफ मॅन बेटावर बनलेली, अवघी १३७ सेंटिमीटर लांबीची पील पी ५० ही १,२०,७५० डॉलरांस. त्या दिवसापासून आपल्या पडवीतील गंजका सांगाडाही सोन्याचा आहे, असे पुष्कळांना वाटू लागले. पण हे आकडे घेणाऱ्याकडून लिलावगृह जे अधिमूल्य घेते ते धरून आहेत, आणि त्या गाड्या संग्रहालयाच्या होत्या. टायगरची किंमत सांगून साध्या तीनचाकी मेसरश्मिटचा भाव ठरविणे म्हणजे पैठणीच्या भावाने लुगडे विकण्यासारखे आहे.

किंमतीपाठोपाठ नकलाही येतात. पी ५० मुळात फारच थोड्या बनल्या. या शतकात त्याच घडणीच्या नव्या प्रतिकृती ब्रिटनमध्ये तयार होऊ लागल्या आहेत. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. परंतु ती तिसऱ्या-चौथ्या हाती गेली की ‘प्रतिकृती’ हा शब्द वाटेत गळून पडतो. म्हणून सांगाड्यावरील क्रमांक, यंत्रावरील क्रमांक व पाटीवरील क्रमांक हे तिन्ही कागदाशी पडताळून पाहावेत. पाटी दोन रिव्हेटांवर बसते, आणि रिव्हेट कोणीही बदलू शकतो. इझेटाच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. हाइंकेल नावाची दुसरी गाडीही तशीच अंडाकृती व पुढून उघडणारी. मात्र तिचे सुकाणू दाराबरोबर हलत नाही. दोहींचे सुटे भाग एकमेकींस लागत नाहीत. ‘सोबत एक पेटी सुटे भाग’ असे ऐकून हुरळून जाणाऱ्याने ते भाग कोणाचे, हे आधी पाहावे.

मेसरश्मिटविषयी एक दंतकथा विक्रेते मोठ्या आवडीने सांगतात, की तिचा घुमट लढाऊ विमानांच्या उरलेल्या मालातून केलेला असे. तसे नव्हते, तो या गाडीसाठीच बनविला जाई. ही कथा सांगणारा लबाडच असतो असे नव्हे, बहुधा त्यालाही ती कोणीतरी सांगितलेली असते. तथापि ऐकीव गोष्ट इतक्या खात्रीने सांगणाऱ्याने ‘यंत्र मूळचेच आहे’ असे म्हटले, तर तेही तपासून घ्यावे.

तपासावयाचे काय? रंग व चकाकी यांकडे सर्वांत शेवटी पाहावे. चटई उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहावा, कारण पाणी तेथे साचते आणि गंज खालून वर येतो. घुमटावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे आहे काय ते उन्हात धरून पाहावे. ‘उभी केली तेव्हा चालू होती’ या वाक्याला काही किंमत देऊ नये. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या दुघाती यंत्रातील रबरी सील कडक होतात व आतील भाग गंजून जखडतात. यंत्र सुरू करणारी मोटर व वीज निर्माण करणारा डायनामो हे या गाडीत एकच उपकरण असते, आणि ते नव्याने गुंडाळून घेणे हा खर्चाचा विषय आहे. मेसरश्मिटमध्ये तर त्यावर आणखी एक भार आहे. तिला मागे जाण्याचा गिअर नाही! यंत्र बंद करून किल्ली अधिक आत दाबून पुन्हा सुरू केले की ते उलट दिशेने फिरू लागते, आणि मग चारही गिअर मागे जाण्यासाठी मिळतात. विक्रेत्याने गाडी पुढे चालवून दाखविली तर आभार मानून ती मागेही घ्यावयास सांगावी. पुष्कळ दोष त्या वेळी बोलू लागतात. एक समाधानाची गोष्ट : हिच्या चाकांचे माप ४.०० – ८ हे आपल्या रिक्षाचेच आहे, तेव्हा टायरांची चिंता नको.

आता त्या कागदाविषयी, जो मागण्याचा चिरंजीवांना संकोच वाटतो. जर्मनीत वाहनाचा मुख्य दस्तऐवज म्हणजे ‘फारत्सॉइगब्रीफ’. २००५ पासून नोंदणीपत्राच्या दुसऱ्या भागाने त्याची जागा घेतली आहे. तो न पाहता जुनी मोटार घेणाऱ्यास तेथील न्यायालये सद्हेतूने घेणारा मानीत नाहीत, आणि वस्तू मुळात चोरीची निघाली तर सद्हेतूही कामास येत नाही. खाजगी विक्रेता ‘दोषांची जबाबदारी माझी नाही’ असे करारात लिहू शकतो. जाणूनबुजून लपविलेल्या दोषाबाबत मात्र ते वाक्य त्याला वाचवीत नाही. म्हणून यंत्र मूळचे आहे, अपघात झालेला नाही, या गोष्टी तोंडी न राहता करारात याव्यात. ब्रिटनमध्ये आणखी सावध राहावे लागते. तेथील नोंदणीपत्रावर गाडी सांभाळणाऱ्याचे नाव असते, ते मालकीचा पुरावा नव्हे. शिवाय २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही; म्हणजे त्रयस्थाने गाडी शेवटची कधी पाहिली हे कोणालाच ठाऊक नसते.

आणि हा संकोच? तो आम्हांला समजतो. शौकीन मंडळींतील सौदे बहुधा गप्पांत, चहाच्या पेल्यावर ठरतात, आणि म्हणूनच ते बिघडतात. अनोळखी व्यापाऱ्याकडून फसलेला माणूस चार दिवस चडफडतो व विसरतो. मित्राकडून घेतलेल्या गाडीचा तळ सहा महिन्यांनी फुटला, तर त्या मित्राने लबाडी केली की त्यालाही ठाऊक नव्हते, हे विचारताही येत नाही, आणि मग दोघेही त्या मंडळींत जाणे टाळू लागतात. विकणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. आपण चाळीस वर्षे सांभाळलेली वस्तू नव्या मालकाने दुसऱ्याच महिन्यात दुप्पट किंमतीस विकली, हे दुःख त्याच्याही वाट्यास येते. सुटे भाग कोणाचे, हप्ते किती, पुन्हा विकावयाची झाल्यास आधी कोणाला विचारावयाचे, हे सारे एका कागदावर उतरविले तर त्या वृद्ध गृहस्थांना बहुधा हायसेच वाटेल. ज्यांनी पाना धरावयास शिकविले त्यांनी नट किती आवळावयाचा हेही शिकविले असेलच.

विक्रेत्यांनी आणखी एका ठगीपासून जपावे. लांबचा ग्राहक ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवितो आणि वरची रक्कम ‘वाहतूकदारास’ देण्यास सांगतो. ती रक्कम आपल्या खिशातून जाते, धनादेश मागाहून परत येतो.

आता बडोद्याचा प्रश्न. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, सांगाडा, बाह्यांग व यंत्र यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. आणि या नियमांत उल्लेख आहे तो दुचाकी व चारचाकी वाहनांचा. चिरंजीवांची मेसरश्मिट तीन चाकांची आहे. तेव्हा आयातीसंबंधी परकीय व्यापार महासंचालनालयाच्या त्या वेळच्या अधिसूचना वाचून, आणि नोंदणीबाबत बडोद्याच्या परिवहन कार्यालयातून लेखी उत्तर घेऊन मगच जहाजाचे भाडे विचारावे.

बाईंनी विचारले आहे, हा वेडेपणा आहे काय? पुष्कळ अंशी आहे. तथापि मुलाने गाडी जर्मनीतच ठेवावयाची असे ठरविले, जुन्या गाड्यांना तेथे जी ‘एच’ खुणेची पाटी मिळते तिच्यासाठी लागणारी तज्ज्ञाची तपासणी सौद्यापूर्वीच करवून घेतली, आणि घराच्या पैशांपैकी निम्म्याला हात लावला नाही, तर आम्ही त्याला अडविणार नाही. तपासणीचा अहवाल आला की बाईंनी तो आम्हांला अवश्य कळवावा.