मुळशीचे शहर होत आहे, आपली वस्ती नकाशात आहे का?

मुळशी तालुक्याचा पुण्याला लागून असलेला पट्टा आता गाव राहिलेला नाही आणि धड शहरही झालेला नाही. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, हा विषय २०१५ पासून चालू आहे. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले आणि तो पुन्हा पेटला. आयटीतले कर्मचारी समावेश मागतात, गावातल्या अनेकांना स्वतंत्र नगरपरिषद हवी आहे. या सगळ्यात बौद्ध वस्तीचे म्हणणे कुठेच ऐकू येत नाही, कारण आपण ते लेखी मांडलेलेच नाही.

वस्तीत बसलो की तरुण आम्हाला म्हणतात, "ग्रामपंचायत गेली तर बरेच, गावकी तरी सुटेल." त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर मत मांडले, त्यामागे आपल्याच पूर्वजांचा अनुभव होता. पण गावकी सुटली म्हणजे हक्क मिळाले, असे होत नाही.

२०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांचेच पाहा. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीही मुदत संपून प्रशासक आला. निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेचार वर्षे या गावांना स्वतःचा निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता. कर महापालिकेला भरायचा आणि विकास आराखडा पीएमआरडीएच्या हातात, अशी अवस्था होती. ग्रामसभा गेली, ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा गेल्या. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी येणारा ग्रामीण निधीही थांबतो. त्याच्या जागी शहरी योजना असतात, पण त्या मागाव्या लागतात.

धोका कुठे आहे

आपल्या बऱ्याच वस्त्या गावठाणाच्या बाहेर आहेत. काही घरे गायरानावर, काही वतनाच्या जमिनीवर. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली, पण परत दिलेल्या जमिनी भोगवटादार वर्ग-२ मध्ये राहिल्या आणि त्यांची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्याच्या वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा शहराजवळच्या या जमिनींवर कोणाकोणाचा डोळा असतो ते सर्वांना दिसले.

आराखडा करताना आधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा तयार होतो. त्यात वस्ती, विहार, स्मशानभूमी दाखवलीच नाही, तर तिथे रस्ता किंवा उद्यानाचे आरक्षण पडायला वेळ लागत नाही. म्हाळुंगे-माणसारख्या टीपी स्कीममध्ये विकसित भूखंड परत मिळतो तो जमीनमालकाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचा या हिशेबात विचारच होत नाही.

कायदा कोणाला बोलू देतो

इथे आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. हरकत घ्यायला जमीन नावावर लागते, असे अनेकांना वाटते. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर कोणतीही व्यक्ती लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. त्यासाठी सातबारा लागत नाही. महापालिकेची हद्द वाढवतानाही सरकारला आधी प्रारूप अधिसूचना काढावी लागते. २३ गावांची अशी अधिसूचना डिसेंबर २०२० मध्ये निघाली होती. मुदत साधारण तीस दिवसांची असते. ती गेली की दरवाजा बंद.

असे निर्णय बदलतच नाहीत, असेही नाही. पीएमआरडीएच्या २०२१ च्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. तो आराखडा २०२५ मध्ये सरकारने रद्द केला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत गेली होती. वाढीव करावरून तिथले लोक लढले आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आता मुळशीसाठी नव्याने आराखडा होईल तेव्हा पहिल्या दिवसापासून आपण तिथे असले पाहिजे.

आत्ता करायची कामे

१. जी गावे अजून ग्रामपंचायतीत आहेत, तिथे ग्रामसभा आपल्या हातात आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. वस्ती, विहार आणि स्मशानभूमीची नोंद हा विषय आधी लेखी देऊन ठराव करून घ्या आणि ठरावाची प्रत मागा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे आपल्या माता-भगिनींनी पाणी, रस्ता आणि घरांचा विषय मांडावा.

२. प्रत्येक घराची फाईल करा. नमुना ८ चा उतारा, वीजबिल, मतदार यादीतील नाव, जुनी घरपट्टी. वतनाची जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार आजच काढून ठेवा.

३. एका अर्जावर शंभर सह्या करण्यापेक्षा घरटी एक हरकत द्या. गट नंबर लिहा, मागणी नेमकी लिहा आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी असे नमूद करा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

४. सुनावणीची तारीख आली की कामावर खाडा पडला तरी जा. जो तिथे उभा राहून बोलत नाही, त्याचे म्हणणे कागदातच राहते.

५. प्रत्येक विहारातून दोन तरुण नेमा. राजपत्र, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा आणि पीएमआरडीएचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहणे एवढेच त्यांचे काम.

जे गण वारंवार एकत्र जमतात आणि एकविचाराने निर्णय करतात त्यांची हानी होत नाही, असे तथागतांनी वज्जींविषयी सांगितले होते. आपण दर रविवारी वंदनेला जमतोच. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा आणि गावाचा नकाशा मधे पसरून आपली वस्ती त्यात कुठे आहे ते शोधा. सापडली नाही, तर पहिली हरकत तिथेच लिहायला घ्या.

जय भीम.